सोनोग्राफीतले ग्रॅम

प्रोस्टेटवर एकदा लिहा, असं संपादकबाईंनी मला तीनदा सुचवलं आणि तिन्ही वेळा मी मूतखड्यावर लिहून वेळ मारून नेली. कारण सांगायला आता हरकत नाही. तेव्हा माझीच प्रोस्टेट वाढलेली होती, आणि स्वतःच्या लघवीबद्दल बोलायची युरॉलॉजिस्टलाही लाज वाटते. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. वय ६८. मिरजेत चौतीस वर्षं हेच काम केलं, हल्ली आठवड्यातून दोन दिवस ओपीडी पाहतो. आलेल्या गठ्ठ्यातली पाच पत्रं निवडली आहेत. नावं काढली, गावं ठेवली.

पाचातल्या तीन पत्रांत एक वजन आहे. ५८ ग्रॅम, ४५ ग्रॅम, ९२ ग्रॅम. सराफाच्या पेढीवर बसल्यासारखं वाटलं मला.

पहिलं पत्र: एसटीत वाहक होतो, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. वय ६३. पोटात गॅस धरतो म्हणून सोनोग्राफी केली, त्यात प्रोस्टेट ५८ ग्रॅम, लघवीनंतर ३० मिली शिल्लक, असं आलं. रात्री एकदा उठतो, क्वचित दोनदा. धार पूर्वीसारखी नाही, पण अडत काही नाही. शेजारचे गृहस्थ म्हणतात, तब्येत धड आहे तोवर काढून टाका, पुढं त्याचा कॅन्सर होतो. काढू का? (बार्शी)

शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि काढू नका.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, सगळी भानगड तिथंच आहे. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची असते. पन्नाशीनंतर बहुतेकांची वाढत जाते. पण ती बाहेरच्या अंगाला वाढली तर नळीला त्याची खबरही लागत नाही, आणि आतल्या अंगाला थोडीशी वाढली तरी नळी आवळली जाते. माझ्याकडे कवठ्याकडचे एक द्राक्षबागायतदार यायचे. त्यांची प्रोस्टेट अवघी २८ ग्रॅमची, पण तिचा मधला भाग मूत्राशयात वर आलेला. जोर लावला की तो दाराआड अडकलेल्या चेंडूसारखा तोंडावर बसायचा. त्यांना ऑपरेशन लागलं. आणि शंभर ग्रॅमची प्रोस्टेट घेऊन दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारे वारकरीही मी पाहिले आहेत. ग्रॅमचा आकडा कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं ऑपरेशन करायचं हे ठरवायला कामाला येतो. उपचार करायचा की नाही, हे तो सांगत नाही.

ते दोन गोष्टींवरून ठरतं. पहिली, तुम्हाला त्रास किती होतो. त्यासाठी जगभर एकच प्रश्नावली वापरतात, तुम्ही घरी बसून भरू शकता. गेल्या महिनाभरात लघवी करून आल्यावर अजून शिल्लक आहे असं वाटलं का, दोन तासांच्या आत परत जावं लागलं का, धार थांबून थांबून आली का, लागल्यावर धरवेना असं झालं का, धार बारीक होती का, सुरू करायला कुंथावं लागलं का, आणि रात्री किती वेळा उठलात. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पस्तीसपर्यंत तीव्र. शेवटी एक आठवा प्रश्न असतो, त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत: पुढचं सगळं आयुष्य लघवीचं असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? मला पहिल्या सातांपेक्षा हा महत्त्वाचा वाटतो. तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे, ‘अडत काही नाही’.

दुसरी गोष्ट, मूत्राशयाचं आणि किडनीचं काही नुकसान होतंय का. लघवी पूर्ण अडकणं आणि ती काढायला घातलेली रबरी नळी काढल्यावर परत अडकणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, औषधं देऊनही वारंवार रक्त जाणं, मूत्राशयात खडा होणं, किंवा मागं दाब जाऊन किडनी फुगणं. यातलं काही असेल तर ग्रॅम वीस असोत की दोनशे, ऑपरेशनचं बोलावं लागतं. तुमच्याकडे यातलं एकही नाही. तीस मिली शिल्लक म्हणजे काहीच नाही.

त्या शिल्लक लघवीबद्दल एक सूचना सगळ्याच वाचकांना. सोनोग्राफीला ‘लघवी भरून या’ म्हणतात म्हणून लोक दोन बाटल्या पाणी पिऊन बाकावर दीड तास मांड्या आवळून बसतात. इतकं ताणलेलं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, आणि रिपोर्टात दीडशे-दोनशे मिली शिल्लक दिसते. आकडा जास्त आला तर घाबरण्याआधी एकदा नेहमीसारखी लागल्यावर जाऊन पुन्हा मोजून घ्या.

कॅन्सरचं म्हणाल तर ही वाढ साधी असते, तिचा पुढं कॅन्सर बनत नाही. दोन्ही एकाच ग्रंथीत, एकाच वयात होऊ शकतात, एवढाच संबंध. या ऑपरेशनात आतला वाढलेला भाग काढतात, बाहेरचं कवच राहतं आणि कॅन्सर बहुतेकदा त्या कवचाकडच्या भागातच सुरू होतो. म्हणजे कॅन्सर टाळायला हे ऑपरेशन करून घेण्यात अर्थच नाही. एकदा पीएसए ही रक्ततपासणी करा आणि युरॉलॉजिस्टला गुदद्वारातून बोटानं तपासू द्या. त्या तपासणीला लोक फार बिचकतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बाकी तुम्ही वाहक. पुढचा स्टँड येईपर्यंत लघवी धरून ठेवायची सवय नोकरीत लागली असणार. ती आता सोडा. वर्षातून एकदा दाखवा, बास.

यांचं वय ७१. रात्री चार-पाच वेळा उठतात, माझीही झोप मोडते. प्रोस्टेट ४५ ग्रॅम आहे. टॅम्सुलोसिनची गोळी दोन वर्षं चालू आहे. दिवसा धार बरी येते म्हणतात, पण रात्रीचा फरक नाही. आता ऑपरेशन सुचवलंय. बीपीची गोळी आहे, संध्याकाळी पाय सुजतात. झोपताना तांब्याभर पाणी पितात, त्यानं हार्ट ॲटॅक येत नाही असं त्यांना मोबाइलवर आलं होतं. मी पत्र लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. (इचलकरंजी)

ताई, तुमच्या पत्रातच निदान आहे, फक्त ते शेवटच्या तीन ओळींत आहे.

उद्या बाजारातून मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक लघवी त्यात करायची आणि वेळ नि माप वहीत लिहायचं. काय प्यायलं तेही लिहायचं. ते कुरकुर करतील, करू द्या. मग रात्रीची बेरीज करा. झोपल्यानंतरच्या सगळ्या लघव्या आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीच्या खात्यात धरायची. समजा, चोवीस तासांत २१०० मिली झाली आणि त्यातली ९५० रात्रीची निघाली, तर रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून बराच जास्त झाला. असं असेल तर यांचा रस्ता अडलेला नसून रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. प्रोस्टेट कितीही कोरली तरी किडनी रात्री कमी लघवी करणार नाही. ऑपरेशन यशस्वी होईल, धार फर्मास येईल, आणि हे रात्री चार वेळाच उठतील.

दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. बीपीची गोळी ॲम्लोडिपिन असेल तर तिनंही पाय सुजतात. गोळी मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सूज दाखवा. दुपारी जेवणानंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं. लघवी होण्याची गोळी रात्री घेत असतील तर वेळ बदलता येईल का विचारा. जोरात घोरत असतील, मध्येच श्वास अडकतो असं तुमच्या कानाला जाणवत असेल तर तेही सांगा, त्या आजारातही रात्रीची लघवी वाढते. साखर तपासा. आणि तो तांब्या रात्री आठनंतर आत ठेवा. पाणी दिवसा प्यावं.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय खरं, पण स्वतःच्या बाबतीत मी नेमकी उलटी चूक केली. सहा वर्षं मी स्वतःलाच टॅम्सुलोसिन लिहून देत होतो. रात्री दोनदा उठतो असं मी समजत होतो. आमच्या घरी बायकोनं एक दिवस चहा देताना सांगितलं, ‘काल पाच वेळा फ्लश झाला, मी मोजलाय.’ वही ठेवली, तर प्रत्येक वेळची लघवी शंभर-सव्वाशे मिली, रात्रीचा वाटा ठीक. म्हणजे माझं मूत्राशय कधी रिकामंच होत नव्हतं. शिल्लक मोजली, २४० मिली. माझ्या पेशंटला मी दरवर्षी मोजायला लावत असे. तेव्हा वही आधी. तिच्यावरून ऑपरेशन यांच्यासारख्याचं टळतं आणि माझ्यासारख्याचं ठरतं.

त्यांच्या गोळीबद्दल एक. या गटातली औषधं, म्हणजे टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू सैल करतात. फरक आठ-पंधरा दिवसांत कळतो. ग्रंथी त्यानं लहान होत नाही. झोपेतून ताडकन उठलं की बीपी उतरतं, चक्कर येते. रात्री आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. बाथरूमच्या उंबऱ्यावर मीसुद्धा पडलोय.

टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड अशी जोडगोळी दोन वर्षं घेतो. पीएसए ३.४ आला, चारच्या आत म्हणजे नॉर्मल असं लॅबवाले म्हणाले. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गोळ्या बंद करू का? (चिपळूण)

आधी पीएसए. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्मा दिसतो. तुमचा ३.४ म्हणून दुप्पट करून ६.८ वाचायचा. लॅबच्या कागदाला तुम्ही काय गोळी घेता हे ठाऊक नसतं. गोळी सुरू करण्याआधीचा रिपोर्ट शोधा. गेल्या वर्षीपेक्षा आकडा चढला असेल तर ती गोष्ट अधिक गंभीर. लगेच कॅन्सर समजू नका, लघवीच्या संसर्गानंही पीएसए वाढतो, पण युरॉलॉजिस्टकडे या महिन्यातच जा. बहुधा पुन्हा पीएसए आणि एमआरआय सांगतील.

मोतीबिंदूचं: डोळ्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून ‘मी टॅम्सुलोसिन घेतो’ एवढं सांगा. या गोळीनं डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी फडफडतो. २००५ साली हे पहिल्यांदा लक्षात आलं. आधी कळलं तर सर्जन तयारीनं उतरतात, अडचण येत नाही. गोळी आदल्या आठवड्यात बंद करून हा परिणाम जातोच असं नाही, म्हणून मनानं बंद करू नका.

ड्युटास्टेराइड मात्र ग्रंथी खरंच लहान करतं, वीस-पंचवीस टक्क्यांनी, पण सहा महिने थांबावं लागतं आणि ग्रंथी मुळात मोठी असेल तरच उपयोग. या औषधांची कथा मोठी मजेची आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत पुरुषी हार्मोनचं एक रूप तयार करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं, आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहायची. १९७४ साली त्यावर लिहिलं गेलं, आणि १९९२ साली अमेरिकेत फिनास्टेराइडला परवानगी मिळाली. काही जणांची यानं कामेच्छा कमी होते किंवा छाती दुखरी होते, तसं झालं तर लपवू नका. घरात सून गरोदर असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिला हात लावू देऊ नका. आणि औषध थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करायचं नाही.

वडील ७४ वर्षांचे. लग्नाहून परतताना गाडीत लघवी अडकली, पोट फुगलं, रात्री दवाखान्यात नळी घातली, ८५० मिली निघाली. त्याआधी चार दिवस सर्दीच्या गोळ्या चालू होत्या आणि पोट साफ नव्हतं. आता तीन आठवडे नळी आणि पिशवी आहे. वडील खचलेत, कुणाला भेटत नाहीत. नळी कायमची का? (नांदेड)

कायमची असायचं कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही.

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, फिनाइलएफ्रिनसारखं. ते नाकाच्या रक्तवाहिन्या आवळतं तसंच मूत्राशयाचं तोंडही आवळतं. सोबतचं शिंका थांबवणारं औषध मूत्राशय सुस्त करतं. त्यात बद्धकोष्ठ, त्यात पाच तास गाडी. आधीच अरुंद झालेला रस्ता बंद पडला. माझ्या अनुभवात लग्नसराई आणि थंडी हा या आजाराचा सीझन आहे.

अशा वेळी रीत अशी, की नळी घातल्याबरोबर टॅम्सुलोसिनच्या गटातली गोळी सुरू करायची, पोट साफ करायचं, आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी नळी काढून दिवसभर बघायचं. बऱ्याच जणांना त्या पहिल्या प्रयत्नातच लघवी होते. वडिलांची नळी काढून बघितली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर युरॉलॉजिस्टकडे जाऊन तेवढंच विचारा. सकाळी लवकर बोलावतील, पाणी पाजतील, लघवी झाल्यावर शिल्लक मोजतील. नाही झाली तर नळी पुन्हा, आणि मग ऑपरेशनची तारीख. एकच अपवाद: क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का हे सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असेल, किडनी फुगलेली असेल, तर नळी काढायची घाई करायची नाही, किडनीला आधी सावरू द्यायचं.

तोवर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावा, म्हणजे ओढ बसत नाही. नळीचा आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही, पिशवी खालच्या तोटीनं रिकामी करायची. शिश्नाच्या तोंडाशी रोज साध्या साबणपाण्यानं धुवायचं. ताप आला, थंडी वाजली किंवा नळीतून येणं बंद झालं तर थांबू नका.

आणि वडिलांना मांडीला बांधायची छोटी पिशवी आणून द्या. धोतर-पायजम्याच्या आत दिसत नाही, कट्ट्यावर जाता येतं. खचायचं अर्धं कारण ती हातात धरून हिंडायची मोठी पिशवी असते.

वय ६६. प्रोस्टेट ९२ ग्रॅम, मूत्राशयात दोन खडे, लघवी दोनदा अडकली. एक सर्जन दुर्बिणीनं करू म्हणतात, दुसरे लेसरनं. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, तिकडं वाफेनं करतात, कापाकापी नाही. मेव्हणे म्हणतात सराट्याचा काढा घ्या, गाठ विरघळते. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. आणखी एक, विचारायला संकोच वाटतो: नंतर वैवाहिक आयुष्य राहतं का? (पुणे)

काढ्याचं आधी उरकतो. सराटा, ज्याला गोखरू म्हणतात, लघवी सुटायला घरोघरी देतात. पण खडे होऊन दोनदा अडकलेला रस्ता काढ्यानं मोकळा होईल म्हणून वाट पाहू नका. युरोप-अमेरिकेतही असाच एक वनस्पतीचा अर्क खपतो, सॉ पाल्मेटो. साखरेच्या गोळीशी तुलना करून तो नीट तपासला, २००६ साली निकाल आला, काडीचा फरक निघाला नाही. तुमचे मेव्हणे एकटे नाहीत.

तुमचं ऑपरेशन ठरलेलंच आहे, प्रश्न कोणतं एवढाच. इथं मात्र ९२ ग्रॅम हा आकडा कामाचा.

दुर्बिणीचं म्हणजे टीयूआरपी. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून विजेच्या तारेनं प्रोस्टेट आतून थोडी थोडी कोरत काढायची. खवणीवर नारळ खवतात तसं. मी आयुष्यभर हेच केलं आणि पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत आजही ते कुणाला कमी नाही. ग्रंथी मोठी असली की खवायला वेळ लागतो. आमच्या उमेदीत धुवायला ग्लायसिनचं पाणी वापरायचो, ते रक्तात जास्त गेलं की सोडियम उतरायचं, पेशंट बडबडायला लागायचा, म्हणून डोळा कायम घड्याळावर. तासाभरात उरकायचं. आता बायपोलर यंत्रात सलाइन चालतं, ती भीती गेली. रक्तस्राव मात्र मोठ्या ग्रंथीत होतोच.

लेसरचं म्हणतात ते बहुधा होलेप. होल्मियम लेसर, ज्यानं मूतखडे फोडतात तोच. यात खवत नाहीत. ओल्या नारळाची वाटी करवंटीतून अखंड सोडवावी तशी वाढलेली गाठ कवचापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तिथं एका यंत्रानं बारीक करून बाहेर ओढतात. ९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या सर्जननी ही पद्धत बसवली. ग्रंथी कितीही मोठी चालते, रक्त कमी जातं, खडे त्याच बैठकीत फुटतात. पण हात बसायला वेळ लागतो. नवशिक्याचा होलेप आणि मुरलेल्या सर्जनची टीयूआरपी यांत मी दुसरी निवडीन. म्हणून तुमच्या सर्जनना यंत्राचं नाव विचारण्याऐवजी विचारा, ‘माझ्याएवढ्या मोठ्या ग्रंथी तुम्ही किती केल्यात?’ चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

लेसर म्हणजे ऑपरेशनच नव्हे, असा एक गोड समज आहे. पाठीत इंजेक्शन तेच, नळी तीच, रजा तीच.

पूर्वी एवढी गाठ पोट उघडून काढत. ते ऑपरेशन आम्ही फ्रेयरच्या नावानं शिकलो. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन, बरीच वर्षं हिंदुस्थानात इंग्रज सरकारच्या नोकरीत मूत्राशयातले खडे फोडत होता, आणि लंडनला परतल्यावर १९०० सालच्या डिसेंबरात त्यानं हे पहिल्यांदा केलं. फार मोठ्या ग्रंथीत, होलेपची सोय नसेल तिथं ते आजही करतात आणि उत्तम होतं. फक्त पोटावर टाका येतो आणि रक्त जास्त जातं.

मुलाचं वाफेचं: सुईनं प्रोस्टेटमध्ये नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात, मेलेला भाग पुढं दोन-तीन महिन्यांत शरीर शोषून घेतं. पद्धत चांगली आहे, वीर्यपतन बहुतेकांचं टिकतं. पण ती साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथींसाठी. तुमची त्याबाहेर आहे, आणि खडे वाफेनं जात नाहीत. मुलाला हे वाचून दाखवा. आणखी एक प्रकार म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून प्रोस्टेटचा रक्तपुरवठा बंद करणं. भूल सोसणारच नाही अशा पेशंटला त्याचा आधार वाटतो, तुमच्यासाठी ती पहिली निवड नाही.

स्टेंट कधी बसवला ते लिहिलेलं नाही, आणि तेच महत्त्वाचं. रक्त पातळ करणारी कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. एक दिवसही मनानं बंद करू नका. लेसरकडे झुकायला हेही एक कारण आहे, रक्त कमी जातं. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, कोणतं ऑपरेशन योजनेत बसतं ते त्याला आधी विचारा.

आता संकोचाचा प्रश्न. पहिला मान तुम्हाला, विचारलंत म्हणून. ताठरता बहुतेकांची होती तशीच राहते. वीर्य मात्र होलेप किंवा टीयूआरपीनंतर बहुतेकांना बाहेर येत नाही, ते मागं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघतं. समाधान होतं, बाहेर काही दिसत नाही. अपाय काही नाही. पण हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. माझ्याकडे एक जण ऑपरेशननंतर वर्षभर बायकोपासून तोंड लपवून राहिला होता, बिचाऱ्याला वाटलं आपण संपलो. घरी आजच बोलून ठेवा.

माझं स्वतःचं होलेप झालं. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र मी पेशंटना फार हलकं करून सांगत आलो होतो असं माझं मत झालंय. लघवी लागली की लागलीच, संडासापर्यंत पोचेतो दोन थेंब पायजम्यात. पॅड वापरलं, सहाव्या आठवड्यात सुटलं. बसून कमरेचे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करा, मी नंतर केले. सव्वा महिना स्कूटर नाही, जड पिशवी नाही, संडासला कुंथायचं नाही, पोट साफ राहील असं खायचं.

आणि दहाव्या-बाराव्या दिवशी आतली खपली निघते, तेव्हा स्वच्छ झालेली लघवी अचानक पुन्हा लाल होते. पाणी भरपूर प्यायचं, दोन दिवसांत थांबतं. रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडकली तरच रात्री-अपरात्री निघायचं. हे वाक्य मी चौतीस वर्षं ओपीडीत पाठ म्हटल्यासारखं म्हणत आलोय. माझ्या अकराव्या दिवशी पहाटे साडेपाचला भांडं लाल दिसलं आणि मी सर्जनला फोन लावला. तो माझाच विद्यार्थी. ‘सर, गाठी आहेत का?’ नाही म्हटलं. ‘मग पाणी प्या,’ म्हणाला आणि फोन ठेवला.